ओल्मेदोच्या अकरा पाट्या

माझ्या धाकट्या भावासारखे पाय या डोंगरात दुसऱ्या कुणाला नाहीत, हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. शेजारच्या तिंगोपांब्याच्या लोकांना तर मुद्दाम सांगतो. त्याचं नाव ओल्मेदो पिलातासिग. मी नेस्तोर, त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठा. मी चार यत्ता शिकून शाळा सोडली आणि मेंढरांमागं गेलो, म्हणून तो सहा शिकला. त्याच्या डोक्यातल्या दोन यत्ता माझ्या आहेत, असं मी म्हणतो. तो काही बोलत नाही. तसा तो कशालाच काही बोलत नाही.

नवव्या महिन्यात चालायला लागला. आई बटाटे काढत होती, पोराला सरीच्या टोकाला बसवलं होतं. वळून बघते तर पोरगं तिसऱ्याच्या शेतात, लामा जनावराची दोरी धरून उभं. सात वर्षांचा होता तेव्हा आईनं त्याला मीठ आणायला बाजारगावी पाठवलं. ती चूल फुंकत होती, चुलीमागं कुई, म्हणजे खायला पाळलेले गिनीपिग, चिरचिरत होत्या, तेवढ्यात हा दारात. आईला वाटलं गेलाच नाही, वाटेत खेळत बसला. तिनं ठेवून दिली एक. मग यानं अंगावरच्या पोंचोतून मिठाची पुडी काढली आणि गाल चोळत बाहेर गेला. ही गोष्ट मी लग्नात सांगतो, बाप्तिस्म्यात सांगतो, एकदा मयतीतही सांगितली. मयताची बायकोसुद्धा हसली.

एवढं असून नशिबात काय आलं, तर खाली लाताकुंगाच्या बाजूला गुलाबाच्या मळ्यात नोकरी. प्लास्टिकच्या छपराखाली आठ वर्षं उभं राहून काटे काढायचे. दर दुसऱ्या रविवारी घरी यायचा. एकदा आला तर त्याची धाकटी लेक त्याला बघून त्याच्या बायकोच्या, क्लेमेन्सियाच्या, स्कर्टमागं लपली. 'हा कोण' म्हणून विचारत होती. तो ओट्यावर बसला, हाताकडं बघत. हातात जागोजाग काळे ठिपके, मोडलेल्या काट्यांचे. माझ्या भावाचे पाय असे, आणि पोटासाठी उभं राहायचं.

मग बोचकेवाले यायला लागले. पाठीवर हे एवढं बोचकं, त्याला बाहेरून लटकलेला एक कप, एक चप्पल, एक वाळत घातलेला मोजा. वरच्या ज्वालामुखीच्या तोंडात किलोतोआचं हिरवं तळं आहे, ते बघायचं आणि मग गावोगाव चालत हिंडायचं. ओल्मेदोनं नोकरी सोडली. घराला तीन खोल्या चढवल्या, बाहेर झोपायची एक झोळी टांगली, आणि गरम पाण्याचा नळ बसवला. नळ मी निवडला. जगातले लोक येऊन त्या नळाखाली उभे राहतात आणि आतून गातात. चांगल्या नळाशिवाय माणूस गात नाही.

पण एक अडचण होती. तळ्याच्या काठावरून आमच्या क्विंदिलोमाला यायची वाट मधल्या मोठ्या दरीत उतरते, आणि उतरताना तिला पाच फाटे फुटतात. आम्हाला ते दिसत नाहीत, कारण आम्हाला फाटा म्हणजे काय ते माहीत नाही. वाट कुठं जाते ते पायाला कळतं. बोचकेवाल्यांच्या पायाला कळत नव्हतं. अर्धे जण चुकून तिंगोपांब्यात निघायचे. तिथं आबेलार्दो नावाचा माणूस खानावळ चालवतो. तो त्यांना दारातच सांगायचा, 'क्विंदिलोमा? तिकडं आता काही राहिलेलं नाही.'

गावाची बैठक बसली. मिंगा ठरली. मिंगा म्हणजे सगळ्या गावानं फावडी घेऊन यायचं आणि एकाचं नाही, सगळ्यांचं काम करायचं. न येणाऱ्याला पुढं वर्षभर टोमणे. वाट साफ करायची आणि निलगिरीच्या फळ्यांच्या अकरा पाट्या रोवायच्या. पाट्या करायचं काम ओल्मेदोकडं, कारण सहा यत्ता, आणि अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. माझं अक्षरही वाईट नाही, पण ते मोठं येतं, फळीवर मावत नाही.

आता पाटीवर गावाचं नाव लिहायचं आणि किती वेळ लागेल ते लिहायचं. ओल्मेदो घड्याळ बांधून गेला. काठावरून गावापर्यंत एक तास पन्नास मिनिटं. त्यानं प्रामाणिकपणे तेवढंच पहिल्या पाटीवर खडूनं लिहून ठेवलं. मिंगेच्या दिवशी बायका गोळा झाल्या आणि वाचायला लागल्या.

"एक तास पन्नास?" क्लेमेन्सिया म्हणाली. "ऐकायलाच कसं लांब वाटतं. बिचारे एवढ्या लांबून येतात."

"दीड लिही," माझी बायको झोइला म्हणाली. "दीड कसं बरं वाटतं."

"पण दीड नाही," ओल्मेदो म्हणाला.

"भावजी, पाहुणा आहे तो. त्याला खरं सांगून काय मिळवणार?"

हे आमच्याकडं असंच आहे. चालत्या माणसानं विचारलं की अजून किती, तर म्हणायचं, हे काय, इथंच. आमची आई म्हणते, वाटसरूला लांब आहे म्हणून सांगायचं म्हणजे त्याच्या पाठीवर आणखी एक धोंडा ठेवायचा. मला लहानपणापासून लोकांनी असंच सांगितलं आणि मी जन्मभर असंच पोचलो. तर पहिली पाटी दीडवर आली. दुसरीही मग त्या मानानं खाली आली. तिसरीला कुणी तरी म्हणालं, पाऊण लिहा. सातवी पाटी दरीच्या तळाशी, नदीवरच्या ओंडक्याच्या पुलापाशी. तिथं आई स्वतः बसली होती, चाती फिरवत लोकर कातत.

"इथं काय लिहितोस रं?"

"आई, इथं अजून..."

"आलंच, असं लिही."

"आई, पुढं चढण आहे."

"चढण तर आहेच. त्याला ती दिसणार नाही का? डोळे आहेत त्याला. तू आपलं धीराचं लिही."

आणि माझ्या भावानं, ज्यानं आईचा शब्द कधी मोडला नाही, पांढऱ्या रंगानं लिहिलं: आलंच. पाटीच्या मागं दरीची उभी भिंत, मान वर केली की टोपी पडते अशी. पाटी फार सुंदर झाली होती. कोपऱ्यात त्यानं एक हमिंगबर्डही काढला.

पुढं काय झालं असेल ते ज्यांनी बोचकेवाले बघितलेत त्यांना कळलं असेल. पहिला जथा दुपारी बाराला यायचा होता, तो साडेतीनला आला. एक उंच बाई झोळीत जी पडली ती बूट घालूनच झोपली. दुसरा एक लाल दाढीवाला डच, त्यानं सातव्या पाटीखाली बसून आपली सगळी बिस्किटं खाल्ली होती, कारण आलंच, मग ठेवायची कशाला. मग त्या भिंतीवर तो उपाशी चढला. वर आला तेव्हा त्याचा रंग दाढीसारखा झाला होता. ओल्मेदोनं त्याला सूप दिलं. त्यानं सूप प्यायलं, दुसरं मागितलं, आणि पाहुण्यांच्या वहीत एक पान भरून लिहिलं. शाळेच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी वाचून सांगितलं. बाई आधी स्वतःशी वाचून घेत होत्या आणि मग म्हणत होत्या, "हे मी सांगत नाही. हेही सांगत नाही. इथं लिहिलंय, सूप उत्तम होतं."

वहीतलं वहीत राहिलं असतं. पण ते लोक फोनवर सगळं लिहितात. महिन्याभरात कुणी तरी दाखवलं, क्विंदिलोमाच्या नावासमोर लिहिलेलं: जेवण चांगलं, माणसं प्रेमळ, खोटं बोलतात.

खोटं. माझ्या भावाला. ज्यानं मीठ आणून गालावर खाल्ली आणि वर एक शब्द बोलला नाही.

बोचकेवाले कमी व्हायला लागले. खोल्या रिकाम्या, झोळीत कोंबडी बसायला लागली. शनिवारच्या बाजारात आबेलार्दो मला बटाट्याच्या पोत्यांपलीकडून हाक मारायचा.

"काय नेस्तोर, बसायला जागा हवी का? जागा आलीच बघ. हे काय, इथंच."

"तुझ्या खानावळीतल्या सूपात कोंबडी आली का रे," मी म्हणायचो, "का तीही आलीच?"

मी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नाही. पण घरी आलो की ओल्मेदो ओट्यावर बसलेला दिसायचा, हाताकडं बघत. तसंच, गुलाबाच्या मळ्यातून यायचा तेव्हासारखं. मळ्याच्या मुकादमानं दोनदा निरोप पाठवला होता, जागा आहे, ये. पुन्हा प्लास्टिकखाली, पुन्हा दुसरा रविवार.

अशात प्रांताच्या कचेरीतून चिठ्ठी आली. चालणाऱ्यांसाठी मोठा नकाशा छापणार होते, आणि आमच्या बाजूनं तळ्यापासूनची एकच वाट त्यात घ्यायची होती. एक तर तिंगोपांब्याची, नाही तर आमची. तीन आठवड्यांनी एक इंजिनियर बाई येऊन दोन्ही वाटा स्वतः चालणार आणि ठरवणार. नकाशात आलो तर जगलो. नाही आलो तर ओल्मेदोनं बोचकं बांधायचं, आणि ते तळं बघायला नव्हे.

त्यानं ठरवलं, सगळ्या पाट्या खरवडून खरं लिहायचं. आईलासुद्धा सांगितलं. आई तीन दिवस बोलली नाही.

पण खरं म्हणजे किती? आता इथं घोडं अडलं. बोचकेवाल्यांसारखं चालायचं तर हळू चालायला हवं, आणि माझ्या भावाला हळू चालता येत नाही. त्यानं पाठीवर बटाट्याचं पोतं घेतलं. एक तास पंचेचाळीस. उलट पोतं पुढं ढकलतंय, म्हणाला. मग क्लेमेन्सियाला घेऊन गेला, ती पाठीवर सरपण बांधून आणि हातात चाती घेऊन चालली. दोन तास, आणि एक लोकरीचा गुंडा तयार. मग म्हातारं माणूस बरं म्हणून आईला नेलं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. ती रागात होतीच, शिवाय गाय दुभायची वेळ झाली होती. अर्ध्या वाटेत तिनं याला मागं टाकलं. हा घरी पोचला तर आई चरवी घेऊन बसलेली.

"आलास?" तिनं विचारलं. तीन दिवसांनी पहिला शब्द.

शाळेच्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या माझं अंगणवाडीतलं मूलही तीन तासांत येईल. गावात शोध शोध शोधलं. पाय मोडलेला एक सेगुंदो होता, तोही कुबडी घेऊन अडीच तासांत आला आणि पाणी मागितलं नाही. आमचं गाव असं आहे. मला अभिमान आहे, पण त्या दिवसांत तो अभिमान उपयोगाचा नव्हता.

मग एका संध्याकाळी ओल्मेदो माझ्याकडं आला. मी गाडीची पत्र्याची दुधाची कॅनं धुत होतो. सव्वीस वर्षं मी दुधाची गाडी चालवतो, तेवीस वस्त्यांवर. माझ्या हॉर्नवर गाई उभ्या राहतात.

"दादा," तो म्हणाला, "पाट्यांची जागा नीट आहे का ते एकदा बघायचंय. तू आलास तर बरं होईल."

"मीच कशाला?"

"तू मोठा आहेस. तू बघितलंस म्हणजे त्याला वजन येईल."

बघा, एवढं शहाणं बोलणारा माणूस. मी म्हणलं, येतो की. गाडी मेव्हण्याकडं दिली. सकाळच्या बसनं आम्ही तळ्याच्या काठावर गेलो. थंडी अशी की बोलताना शब्द दिसत होते. लांबवर कोतोपाक्सी ज्वालामुखी धूर सोडत बसला होता. ओल्मेदोनं माझ्या पाठीवर एक पिशवी चढवली.

"हत्यारं आहेत," म्हणाला.

"किती हत्यारं?"

"लागतील ती."

आता मी काही कच्च्या चालीचा माणूस नाही. तरुणपणी मी दोन गाई घेऊन एका दिवसात कुठल्या कुठं गेलेलो आहे. पण सव्वीस वर्षं गाडीत बसून गुडघे गाडीचे झालेत, आणि पोटाचं म्हणाल तर तेवीस वस्त्यांवर प्रत्येक घरी वाटीभर सातूचं पीठ आणि चीज देतात, नको म्हणणं बरं दिसत नाही. तरी मी चाललो. मध्ये मध्ये थांबलो, ते देखावा बघायला. डोंगराचा माणूस देखावा बघत नाही हा गैरसमज आहे.

ओल्मेदो इतका प्रेमळ मी कधी बघितला नव्हता.

"दादा, बसायचं का?"

"बसायला काय झालंय?"

"नाही, बसायचं तर बस. आपल्याला घाई नाही."

मी बसलो की तो घड्याळ बघायचा आणि वहीत काही तरी लिहायचा. मी विचारलं तर म्हणाला, पाटीच्या खांबाची उंची. मी दगडावरून घसरलो, ढुंगणावर पाच हात गेलो, तर हा माणूस धावत आला, मला उठवलं, आणि त्याच्या तोंडावर कसला तरी आनंद. मला वाटलं, भावाचं प्रेम.

सातव्या पाटीपाशी मी टेकलो. मला तिथं बसावंसंच वाटलं, ते आईचं अक्षर नसलं तरी आईचा शब्द म्हणून. ओल्मेदो पुलावरून पाणी आणायला खाली गेला आणि वही दगडावर राहिली. मी उघडली. मी चार यत्ता शिकलोय पण भावाचं अक्षर मला वाचता येतं.

'पाटी चार. दादा बसला, अकरा मिनिटं. पाटी पाच. दादा बसला, देखावा म्हणाला. पाच आणि सहाच्या मध्ये दादा पडला. पाटी सात. तीन तास वीस मिनिटं. दादा बोलत नाही.'

तो पाणी घेऊन आला तेव्हा वही माझ्या मांडीवर होती.

"ओल्मेदो, तू मला मोजतोयस."

त्यानं पाणी माझ्या पुढं ठेवलं.

"हत्यारं काढ."

त्यानं माझ्या पाठीवरची पिशवी सोडली. आत विटा. सात विटा, आणि एक कप, बाहेरून लटकवायचा राहिलेला.

"बोचक्याचं वजन," तो म्हणाला. "खरं असायला पाहिजे म्हणून."

"अख्ख्या गावात तुला दुसरं कोणी सापडलं नाही?"

"सगळ्यांना विचारलं दादा. आईला पण नेलं."

"मग?"

त्यानं तो कप बोटानं पुसला. मग म्हणाला, "तुझ्याइतकं भरवशाचं कोणी नव्हतं."

मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. शाळेच्या बाई म्हणतील तसं, हेही सांगत नाही. मी म्हणलं, मी इथंच बसतो, तू जा आणि गाढव घेऊन ये. तो बरं म्हणाला. बोचकं स्वतःच्या पाठीवर घेतलं, वही उचलून खिशात घातली आणि निघाला. भिंतीला लागायच्या आधी त्यानं खिशातून वही काढली, ते पान फाडलं, आणि घडी करून परत खिशात ठेवलं. फेकलं नाही. त्याचा हात बघितला मी. काळे ठिपके अजून आहेत. काटा आत मोडला की तो निघत नाही, कातडीखाली राहतो.

मला ती पोरगी आठवली, स्कर्टमागं लपलेली.

"ये इकडं," मी म्हणलं. "विटा दे."

"राहू दे दादा."

"दे म्हणतो ना. अर्धं मोजलेलं माप कुणाच्या कामाचं? आणि आता मला हात देऊ नकोस, धीर देऊ नकोस, बसायचं का विचारू नकोस. मी चालतो तसा चालेन. लिही नीट."

त्या भिंतीवर मी चार वेळा बसलो. एकदाही देखावा म्हणालो नाही. वर गावाची पहिली कुत्री भुंकली तेव्हा ओल्मेदोनं घड्याळ बघितलं. पाच तास दहा मिनिटं.

"गावात कळलं तर बघ," मी म्हणलं.

"नाही कळणार."

"शपथ घे."

त्यानं आईची शपथ घेतली. पाट्या नव्यानं रंगवल्या. लोकांनी विचारलं पाच तास कुठून आणलेस, तर हा म्हणायचा, मोजले. कुणी म्हणालं परदेशी माणूस गाठला असेल, कुणी म्हणालं गाढव मेलं असेल वाटेत. मी गाडीचा हॉर्न वाजवत पुढं जायचो.

इंजिनियर बाई आल्या त्या दिवशी अख्खं गाव चौकात. उकडलेला मका, चीज, बटाटे, चार कुई भाजलेल्या, बँडवाले तीन, त्यातला एक शुद्धीत. तिंगोपांब्याची वाट बाईंनी आदल्या दिवशी केली होती, आणि आबेलार्दो आमच्याकडं मुद्दाम आला होता. हात खिशात घालून, पाहुणा म्हणून मका खात.

बाई भिंतीवरून वर आल्या. तरुण बाई, नाव ग्रासिएला, तोंड टोमॅटोसारखं, पण हसऱ्या. पाठीवर पूर्ण बोचकं. घड्याळ बघितलं.

"पाच तास पाच मिनिटं," त्या म्हणाल्या. "पाटीपेक्षा पाच मिनिटं आधी. मी अकराही पाट्या तपासल्या. प्रत्येक ठिकाणी माझं आणि पाटीचं जुळत होतं. पाचव्या पाटीनंतर मी एकदा पडलेसुद्धा, तरी जुळलं. मी चार प्रांतांत वाटा चालले, असं कुठं बघितलं नाही. कुणी मोजलं हे?"

सगळ्यांनी ओल्मेदोकडं बघितलं. ओल्मेदोनं जमिनीकडं.

"तुम्ही मोजलंत?"

"लिहिलं मी," तो म्हणाला.

"चाललं कोण? मला नोंदवावं लागतं. कुठल्या माणसाच्या चालीवर आहे ते."

तो आईकडं बघायला लागला. शपथ आईची होती, आणि आई समोर चाती फिरवत उभी.

आबेलार्दोनं दाणे गिळले. "बाई, हा तर पावणेदोन तासांत येतो. सगळ्या डोंगराला माहीत आहे. आधी दीड तास लिहिला होता, तेव्हा लोक रडत आले. आता तुम्ही येणार म्हणून पाच लिहिलाय. उद्या तुम्ही गेलात की काय लिहील कुणाला ठाऊक. यांच्या पाटीवर विश्वास ठेवायचा म्हणजे..."

"असं आहे का?" बाईंनी ओल्मेदोला विचारलं. हसू गेलं होतं. हातातलं पेन त्यांनी अजून उघडलं नव्हतं. "कुणी चाललंय, का अंदाजानं लिहिलंय?"

माझ्या भावाचे कान लाल झाले. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, आणि लगेच नजर काढून घेतली, मला अडचण नको म्हणून. 'मीच चाललो' एवढं म्हणाला असता तर ते खोटं झालं असतं. तो नुसता उभा राहिला. झोळीत कोंबडी बसली होती ती बघत.

मी गाडीच्या पायरीवर बसलो होतो. उठलो. उठताना गुडघा वाजला, तो चौकात सगळ्यांना ऐकू गेला असं झोइला म्हणते.

"मी चाललो," मी म्हणलं.

"तुम्ही कोण?"

"नेस्तोर पिलातासिग. याचा थोरला भाऊ. सात विटा घेऊन चाललो. तुमच्या त्या पाचव्या पाटीनंतर मी पण पडलो, ढुंगणावर, पाच हात. जागा दाखवतो हवी तर. नऊ वेळा बसलो. त्याच्याकडं वहीत सगळं आहे, दादा इथं बसला, दादा तिथं बसला. हे पाच तास दहा मिनिटं माझे आहेत. दुसऱ्या कुणाचे नाहीत."

सगळं गाव माझ्याकडं वळलं. मग आईची चाती खाली पडली.

"पाच तास?" आई म्हणाली. "नेस्तोर? मी तुला जन्म दिला तो दिवसही एवढा लांबला नव्हता."

मग जे हसू उठलं ते खाली नदीपर्यंत गेलं असेल. सेगुंदो कुबडीवर वाकून हसत होता, जो अडीच तासांत आला होता. बँडवाल्यानं काही तरी वाजवलं. झोइला शालीत तोंड खुपसून. एकटा ओल्मेदो हसत नव्हता. त्यानं खिशातून घडी काढली, ते फाडलेलं पान, आणि वहीसकट बाईंच्या हातात दिली.

बाईंनी उभ्या उभ्या सगळं वाचलं. 'देखावा म्हणाला' इथं आल्या आणि त्यांना खोकला आला. मग पेन उघडलं.

"वय?"

"बावन्न."

"वजन?"

"ते लिहायलाच पाहिजे का?"

"आहे ते सांगा."

मी सांगितलं. आबेलार्दोनं शिट्टी मारली. बाईंनी त्याच्याकडं वळून विचारलं, "तुमच्या वाटेवर दोन तास लिहिलंय, मला काल साडेचार लागले. ते कुणी चाललं होतं?" आबेलार्दोनं कुठली तरी गाय बघायची आहे म्हणून मका तसाच ठेवला.

नकाशा चार महिन्यांनी छापून आला. आमची वाट त्यात आहे, हिरव्या रेघेनं. मुकादमाचा तिसरा निरोप आला तेव्हा ओल्मेदोला उत्तर द्यायला वेळ नव्हता, झोळीत एक आणि ओट्यावर चार बोचकेवाले होते, आणि नळाखाली कुणी तरी गात होतं. त्याची धाकटी आता त्यांना घ्यायला चढाईच्या तोंडापर्यंत जाते आणि सगळ्यांत आधी परत येते. पाय आमच्या घराचे आहेत.

बाजारात मला अजून ऐकून घ्यावं लागतं. लोक बाजूला होऊन म्हणतात, जाऊ द्या, नेस्तोर येतोय, पाच तासांत पोचेल. मी म्हणतो, हसा. जर्मनी चालते माझ्या गुडघ्यावर, फ्रान्स चालतो, जपानहून दोघी आल्या त्या माझ्यापेक्षा फक्त दहा मिनिटं आधी पोचल्या आणि पाटीपाशी माझा फोटो मागत होत्या. तुमच्या कुणाच्या पायावर कोण चाललंय आजवर?

आलंच लिहिलेली पाटी आईनं टाकू दिली नाही. तीच पाटी, हमिंगबर्डसकट, ओल्मेदोनं वर गावाच्या तोंडाशी रोवली, शेवटच्या वळणावर, जिथून छपरं दिसतात. तिथून घर माझ्या चालीनं सहा मिनिटं. मी मोजून दिली. एकदाही न बसता.